तीन वर्षं थंड राहिलेली भट्टी

धप्प!

दुपारच्या शांत घरात तो आवाज झाला आणि मित्रांनो, त्या आवाजापायी मी जन्माला आले. मी लोखंड तापवायची एक छोटी भट्टी आहे. उचलून कुठेही नेता यावी, म्हणून केलेली. निदान तसं ठरलं तरी होतं.

आवाज दप्तराचा होता. घरातली चिमणी तेव्हा चार वर्षांची होती. दारामागच्या खुंट्या सगळ्या मोठ्यांच्या उंचीच्या. बिचारी टाचा उंचावून, उड्या मारून दप्तर वर फेकायची आणि ते खाली यायचं. त्या दिवशी तीही त्याच्याशेजारी फतकल मारून बसली आणि रडू लागली.

"रडू नकोस, चिमणे," बाबा म्हणाले. "तुझ्या उंचीला मी स्वतः लोखंडाचा आकडा करून देतो. आपल्या घरच्या भट्टीत!"

"अहो, दुकानात मिळतो की," आई म्हणाली.

"दुकानातला तो दुकानातला."

झालं! तिथेच माझं नशीब ठरलं.

बाबा इमारतींचे नकाशे काढतात. कागदावर आल्याशिवाय त्यांच्या घरात साधं स्टूलही हलत नाही. त्यांनी चिमणीला दाराशी उभं करून मोजलं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'आकडा: जमिनीपासून पाऊण मीटर.' दुसऱ्या पानापासून मी सुरू झाले, ती काही संपेचना.

मोटारीच्या चाकातला जुना, वाडग्यासारखा ब्रेक ड्रम हे माझं पोट. त्याच्या बुडाला भोक, भोकाला पाइप आणि पाइपाच्या तोंडात आईचा केस वाळवायचा ड्रायर, वारा घालायला. एवढ्यावर मी पेटले असते हो! पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि जाळ करायचा तो खाली, मागच्या अंगणात. म्हणून मला लांब पाय हवेत, हाताला मुठी हव्यात. ते सगळं केलं, आणि मी अडगळीच्या खोलीतून बाहेरच निघेना. चौकटीचं माप अगदी अचूक घेतलं होतं. उघडल्यावर दारही थोडी जागा खातं, हे मात्र धरायचं राहिलं. कुठेही नेता येणारी भट्टी जन्मखोलीतच अडकली!

पाय कापले. मग चाकं लावली. कसली? प्लास्टिकची! निखाऱ्यांखाली प्लास्टिक! चिमणीच्या मामाने मला बघून विचारलं, "काय दाजी, आइस्क्रीम विकायला जाताय?"

एकदा बाबा वही घेऊन लोहारकाकांकडे गेले. काकांनी पानं उलटली, डोकं खाजवलं. "साहेब, जमिनीत खड्डा करा, कोळसा टाका, वारा द्या. झाली भट्टी."

बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन नवं पान उघडलं, 'घडीचे पाय.'

आता काय बोलावं या माणसाला! पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे, "पूर्ण घडीची आहे बरं का!" पाहुणे गेले की माझ्यात कांदे. मग जुन्या चपला. 'अहो, आधी पेटवा तरी!' असं मी ओरडून सांगितलं असतं, पण तोंडात ड्रायर कोंबलेला.

एका रविवारी सकाळी आई न्हाऊन ओल्या केसांनी खोलीत आली. तिने चपला बाहेर फेकल्या. "आज ही पेटली नाही, तर ड्रायर माझा आणि हिची रवानगी भंगारात!" तिने पाय काढले, चाकं काढली आणि लेकराला घ्यावं तसं मला कमरेवर घेऊन ती तिन्ही जिने उतरली. बाबा वही घेऊन मागे धावले.

चार विटांवर मी बसले. कोळसा पडला. ड्रायर गुरगुरला आणि माझ्या पोटात लाल झालं, मग केशरी. अगं बाई, हे एवढंच होतं? एवढ्यासाठी तीन वर्षं? बाबांनी सळई तापवली, ठोकली, वाकवली. टोकाला नाजूक वळण दिलं. खरंच देखणा झाला आकडा.

वर जाऊन त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि अगदी काटेकोर मापाने तो दारामागे बसवला. पाऊण मीटरवर.

चिमणी सात वर्षांची झाली होती. वर्षभर ती मोठ्यांच्याच खुंटीला दप्तर अडकवत होती. धप्प आवाज कधी बंद झाला, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने खाली वाकून नव्या आकड्याला आपलं आताचं मोठं दप्तर लावलं. ते जमिनीला टेकलं.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी वही बघितली, मग लेकीकडे बघितलं आणि वही मिटली. हे सगळं त्यांनी नंतर अंगणात विटा आवरताना आईला सांगितलं, म्हणून मला कळलं.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, जपा, असं मी म्हणणार नाही. मला वापरा. वाकडी असले तरी वापरा. वस्तू थांबतात हो. लेकरं थांबत नाहीत.

संध्याकाळी चिमणी एकटीच खाली आली. माझ्या कोमट काठावर तिने हात ठेवला.

"भट्टीबाई, मी लहान होते तेव्हा का गं नाही पेटलीस?"

ड्रायर आई केव्हाच घेऊन गेली होती. माझं तोंड मोकळं होतं. तरी मला काही बोलता आलं नाही.