सांध्यावर अडणारं इंजिन

"मावशी, तुमच्या दुकानातलं सगळ्यात भंगार इंजिन कोणतं?"

हा प्रश्न माझा नव्हे. तो भोंगा आणि चिमणी या माझ्या दोन मैत्रिणींचा. बसमध्ये पैज लागली होती की मॉडेल रेल्वेच्या दुकानात शिरल्याशिरल्या मी हे मोठ्यानं विचारायचं आणि विचारताना हसायचं नाही. मागच्या वर्षीची मी असते तर दारातूनच मागे फिरले असते. यंदाची मी मात्र वेगळीच आहे. मी विचारलं, आणि असं खणखणीत विचारलं की खेळण्यातल्या झाडांच्या मांडणीमागे लपून खिदळणाऱ्या त्या दोघीसुद्धा गप्प झाल्या.

दुकानवाल्या मावशींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घ्यायचंय की नुसती गंमत करायला आलीस?"

"घ्यायचंय. म्हणजे इंजिन घ्यायचंय. भंगारच हवं असं काही नाही."

"मग प्रश्न बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "सगळे विचारतात, सगळ्यात चांगलं कोणतं? मग मला उगाच गोड बोलावं लागतं."

आता माझी भानगड सांगते. मी मॉडेल रेल्वेच्या क्लबात आहे. क्लबाच्या हॉलमध्ये आमची अख्खी रेल्वे मांडलेली आहे. पूल, बोगदा, आणि मधोमध डोंगर. डोंगरावरून जी मालगाडी जाते ती म्हणजे सगळ्या प्रदर्शनाचा जीव. मागच्या प्रदर्शनात मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी राहून लहान मुलांना "हात लावू नका हं" सांगत होते. यंदा मला दोरीच्या पलीकडे जाऊन हीच मालगाडी चालवायचीय. अट अशी की इंजिन स्वतःचं हवं, आणि रविवारच्या चाचणीत त्यानं आठ वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, डोंगरापलीकडे न्यायला हव्यात. मध्येच गाडी अडली आणि तिला बोट जरी लावलं तरी बाद! मग पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा लहान मुलं आणि दोरी. चाचणी एकदाच.

वाढदिवसाला एक इंजिन, असं आईबाबांनी कबूल केलं होतं. एकच. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे जुन्या यंत्राचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं दुखतं. "नवंकोरं घे, गॅरंटीचं," असं त्यांनी सकाळपासून इतक्या वेळा बजावलं होतं की आई म्हणाली, "अहो, पोरगी इंजिन आणायला चाललीय, फ्रिज नाही."

मावशींनी आधी नवं काढलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! डाळिंबी रंग, आरशासारखी चकाकी, खिडक्यांना खरी काच. बटण दाबलं की आधी दिवे लागतात, मग आतून घुर्रर्र करून इंजिन जागं होतं आणि एक शिट्टी देतं. चिमणी तर झाडांमागून पळतच आली.

"अगं बाई! हे घे, हे घे, हेच घे!"

दुकानाच्या मागच्या भिंतीशी मावशींचा चाचणीचा रूळ आहे. क्लबाच्या डोंगराचा धाकटा भाऊच म्हणा ना. चढण तीच, आणि चढणीच्या पायथ्याशी सांधाही तसाच, जिथे एका रुळाचे दोन रूळ होतात. नव्या इंजिनामागे आठ वाघिणी जोडल्या. सांध्यावरून ते लोण्यासारखं गेलं. चढणीला लागलं आणि निम्म्यावर त्याची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. वर दिवे चालू, शिट्टी चालू, पण गाडी तसूभर हलेना.

"तोंडाची वाफ नुसती," भोंगा म्हणाली.

"त्याला नावं ठेवू नकोस," मावशी म्हणाल्या. "मोटार सुरेख आहे. अंगात वजन नाही इतकंच. सहा डबे हसतहसत नेईल. हे घेतलंस तर डोंगराची चाचणी न देताच क्लबात सपाटीवरची पॅसेंजर तुला नक्की मिळेल. दोरीच्या पलीकडे जाशील."

हे मी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मोह झाला. सपाटीवरची पॅसेंजर काही वाईट नसते. पण तिच्याकडे बघून कुणी आ वासत नाही.

"आणि ते भंगार?" मी विचारलं.

मावशींनी खालचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं एक इंजिन माझ्या तळहातावर ठेवलं. हात खालीच गेला! अस्सल धातू. हिरवा रंग कडेला उडालेला, एका टोकाला चालकाची केबिन, पुढे लांबलचक नाक. मी भिंग मागून घेतलं. बाजूचा कठडा केसाएवढ्या तारेचा होता आणि एका ठिकाणी तुटला होता. तो कुणीतरी इतका हलक्या हातानं डाग देऊन जोडला होता की बोटाला कळत होतं, डोळ्याला नाही. ज्यानं कुणी हे केलं त्याला मनातल्या मनात मी कडक सलाम ठोकला.

"तीन जणांनी नेलं, तिघांनी परत आणलं," मावशी म्हणाल्या. "ओढतं बैलासारखं, पण सांध्यावर अडतं. चाकाला वीज पोचवणारी एक पातळ पट्टी आहे आत. ती मी वाकवून वाकवून दमले. आता आणखी वाकवली तर तुटेल, आणि तो भाग आता कुठे मिळत नाही."

आम्ही ते रुळावर ठेवलं. न दिवे, न शिट्टी. पण चाल! मुंगीसुद्धा त्याला मागे टाकून गेली असती, तरी कुठे धक्का नाही की थरथर नाही. इतकं हळू, इतकं ठाम चालणारं इंजिन मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बडबडी भोंगासुद्धा श्वास रोखून बघत राहिली. मग सांधा आला आणि इंजिन गपकन थांबलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा थांबलं.

"चाकं पुसून बघू?" मी विचारलं.

"पूस की. तिघांनीही पुसली होती."

मी पुसली. घाई झाली होती, आणि मागे चिमणी "पाडशील आता, पाडशील" म्हणत होती. इंजिन रुळावर ठेवलं, वाघिणी अडकवल्या, कळ फिरवली. गाडी निघाली. सांधा आला. गाडी सांध्यावरून गेली! चढणीला लागली. आठच्या आठ वाघिणी मागे घेऊन, न कुरकुरता, डोंगराच्या माथ्यावर!

भोंगानं अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला.

"अगं, पण तू ते उलटं ठेवलंयस," मावशी म्हणाल्या. "नाक डब्यांकडे आलंय बघ."

खरंच की. असली चूक क्लबातलं शेंबडं पोरही करत नाही. मी कान लाल करून इंजिन उचलून सरळ ठेवलं. सांध्यावर अडलं. माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. पुन्हा उलटं ठेवलं. गेलं! सरळ, अडलं. उलटं, गेलं. मावशी वाकून अगदी रुळाला नाक लावून बघत होत्या.

"चाक एका बाजूनं फिरलं की पट्टीला दूर लोटतं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि दुसऱ्या बाजूनं फिरलं की जवळ ओढतं. मी आपली पट्टीच वाकवत बसले!" मग त्या इतक्या मनापासून हसल्या की भिंग घसरून नाकावर आलं.

"पण उलटं चालवलेलं चालतं का?" चिमणीनं विचारलं.

"खरी इंजिनं दोन्हीकडून चालतात, बाळा. क्लबात बोट लावायला बंदी आहे, तोंड कुठे असावं यावर नाही. पण हे बघ," मावशी माझ्याकडे वळल्या, "इथे गेलं म्हणून रविवारी जाईलच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. गॅरंटी नाही. नव्याला आहे."

मी दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी ठेवून बघितली. नवं खरंच देखणं होतं. जुनं मात्र हातात घेतल्यावर खाली ठेववेना.

घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते आणि आई बसची पाळी संपवून नुकतीच आली होती. ती बस चालवते.

"खोका कुठाय?" बाबांनी विचारलं.

"खोका नाही. फडकं आहे."

"फडकं?" बाबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे जुनं! चालतं तरी का?"

"चालतं. एकाच बाजूनं."

"अहो, ऐकलंत का?" आई म्हणाली. "अर्धंच आणलंय पोरीनं."

मी फडकं सोडलं आणि इंजिन टेबलावर ठेवलं, नाक माझ्याकडे. बाबांनी ते उचललं, वजनानं त्यांचाही हात खाली गेला, आणि त्यांचा अंगठा नकळत त्या जोडलेल्या कठड्यावरून फिरला.

"ऐका," मी म्हणाले. "मावशींनी उद्यापर्यंत बदलून घ्यायची मुभा दिलीय, पण मी बदलणार नाही. मला सपाटीवरची पॅसेंजर नको. मी हेच ठेवणार, आणि रविवारी तुम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत डोंगरावरची मालगाडी उलट्या तोंडानं नेणार."