अम्मांच्या उशाशी आठ दिवस

मित्रांनो, तपकिरी काचेची, बारीक मानेची एक जुनी बाटली तुमच्याशी बोलते आहे. माझी गोष्ट फार मोठी नाही. ती सांगताना मला लाज वाटते, म्हणून इतके दिवस गप्प होते.

माझ्या पोटात आधी खोकल्याचे औषध होते. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून कांचन मिरजेहून झाशीला आली, आणि इथल्या कोरड्या थंडीने तिला खोकला धरला. खोकला गेला, मी रिकामी झाले आणि ओट्याखाली पडून राहिले. माझ्यासारख्या बाटल्या भंगारात जातात. मीही वाट पाहत होते.

पण कांचनने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. बारीक तोंडाची बाटली घ्यायची, तिच्यात सुगंधी तेल भरायचे आणि वेताच्या काड्या उभ्या करायच्या. काड्या तेल वर ओढतात आणि खोलीभर सुगंध पसरतो. तिने मला गरम पाण्यात बुडवले, माझा कागद नखाने खरवडून काढला आणि मला उन्हात पालथे घातले. इतक्या मायेने मला आजवर कोणी धुतले नव्हते.

वेताच्या काड्या काही मिळाल्या नाहीत. तेव्हा शेजारच्या अलकनंदा तिला बसने बरुआसागरला घेऊन गेल्या. सगळी कॉलनी त्यांना जिज्जी म्हणते, म्हणजे थोरली बहीण. तळ्याच्या काठी वाळलेला बरू उभा होता. जिज्जी त्याला सरकंडा म्हणाल्या. दोघींनी मोळीभर आणला. कांचनने त्याच्या बारीक काड्या वीतभर लांब कापल्या, मधल्या गाठी टाकून दिल्या, कारण गाठीतून तेल चढत नाही.

तेल भरताना मात्र तिचा मिरजेचा हात सवयीने खोबरेलाकडेच गेला. झाशीचा जानेवारी! सकाळी बघते तर माझ्या पोटात तेल गोठून पांढरे झालेले, आणि काड्या त्यात रुतून बसलेल्या.

"अहो, बघा ना, माझ्या बाटलीची बर्फी झाली," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग वड्या पाड," नीरज मोजे चढवता चढवता म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तिने बड़ा बाज़ारातून बदामाचे पातळ तेल आणले, खसाचे, म्हणजे वाळ्याचे, अत्तर आणले. थोडे स्पिरिट घालून सगळे हलवले. काड्या बुडवल्या, तासाभराने उलट्या करून पुन्हा खोवल्या. संध्याकाळपर्यंत खोलीत खसाचा गारवा दरवळू लागला. मला फार गर्व झाला. कालची खोकल्याची बाटली आज घराची शोभा झाली होती.

कांचनला या गावात एकच मैत्रीण होती, ती म्हणजे जिज्जी. रोज दुपारी जिज्जींच्या दारासमोर दोघी उन्हात चटई टाकून बसत. जिज्जी तिला बुंदेली शिकवत, तिच्या हिंदीला हसत, तिला बिन्नू, म्हणजे धाकटी बहीण, म्हणत. पण घरात मात्र त्यांनी तिला कधी बोलावले नव्हते. का, ते कांचनला माहीत नव्हते. आपली पहिली चांगली वस्तू जिज्जींनाच द्यायची, असे तिने ठरवले. माझ्या मानेला लाल रिबन बांधली आणि त्यांचे दार वाजवले.

जिज्जींनी दार अर्धेच उघडले. हातात फिनाइलची बादली होती.

"जिज्जी, ये मैंने आपके लिए बनाया," कांचन हसत म्हणाली. "अब आपके घर में दिनभर वास आएगा!"

मित्रांनो, मराठीत फुलालाही वास असतो. इकडे मात्र 'व'चा 'ब' होतो, आणि बास म्हणजे फक्त घाण.

जिज्जींचा चेहरा उतरला. "हमाए घर में बास आत है?"

कांचनला वाटले, त्यांना खरे वाटत नाही. "हाँ जिज्जी! दरवाज़े तक आएगा, देखना!"

"सो तुम नाक दबाकें बैठत रईं हमाए दोरे पे?"

हे बोलणे कांचनला कळले नाही. ती नुसती हसली. मला कळले होते: आमच्या दारात नाक दाबून बसत होतीस का, असे त्या विचारत होत्या. पण बाटलीला वाचा कुठे असते?

जिज्जींनी मला घेतले, "ठीक है बिन्नू" म्हटले आणि दार लावले.

आत गेल्यावर मला सगळे कळले. मागच्या खोलीत त्यांच्या सासूबाई, अम्मा, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या होत्या. खोलीत औषधाचा, ओल्या गोधडीचा आणि म्हातारपणाचा वास कोंडलेला होता. म्हणूनच जिज्जी कोणाला घरात घेत नव्हत्या. एकट्या पुसत, धूत, उदबत्त्या लावत. आणि आपल्या लाडक्या शेजारणीने तोंडावर सांगितले की तुमच्या घराला घाण येते! त्यांनी मला अम्मांच्या उशाशी ठेवले, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळून रडल्या.

दुपारची चटई बंद झाली. कांचन बाहेर हाका मारी, "जिज्जी, धूप निकली है!" जिज्जी आतून म्हणत, "आज काम है." दुसऱ्या दिवशीही काम, तिसऱ्या दिवशीही काम.

काड्या आठवड्यातून एकदा उलट्या करायच्या असतात. जिज्जी तासातासाला करू लागल्या. प्रत्येक वेळी खस भपकन उसळे. अम्मांना शिंका येत, घशात खवखवे. ताट आले की त्या दोन घासांत बाजूला सारत.

"काए बहू, दार में सोई जेई खस डार दई का?" त्या विचारत. डाळीतही हाच खस घातलास का, असे त्यांचे म्हणणे.

"खा लो अम्मा, कछू नईं डारो," जिज्जी म्हणत, आणि अम्मा मान फिरवत.

मी उशाशीच होते. अम्मांचा थरथरता हात पाण्याच्या पेल्याकडे जाई आणि अर्ध्यातून मागे येई. ते मी बघत होते. आणि तरी मनात काय यायचे, सांगू? आज माझा दरवळ बाहेरच्या खोलीपर्यंत पोचला, हेच. ही गोष्ट आठवली की आजही माझी काच गढूळ होते असे वाटते.

नवव्या दिवशी दार जोरात वाजले. कांचन होती. तिचे डोळे सुजले होते.

"जिज्जी, मारो मुझे, पर पहले सुन लो," ती दारातच म्हणाली. "हमारी मराठी में वास मतलब खुशबू भी होता है। कल इनको बताया, मैं जिज्जी को क्या बोलके आई, तो ये सिर पकड़के बैठ गए।"

जिज्जींनी विचारले, "गुलाब की सोई बास?"

"गुलाब का भी। श्रीखंड का भी।"

"हे राम! कैसी बोली आय तुमाई!" जिज्जी हसल्या. मग हसू थांबले. त्यांनी पहिल्यांदाच दार पूर्ण उघडले आणि तिला मागच्या खोलीत आणले. "और हमाई अम्मा की? साँची कइयो."

मला वाटले, कांचन आता खोटे बोलेल. खरे सांगून जिज्जी कायमच्या दुरावल्या, तर या गावात तिला दुसरे कोण होते? तिने अम्मांच्या पायांना हात लावला, जवळ बसली.

"आता है, जिज्जी," ती हळूच म्हणाली. "मेरी आजी के कमरे में भी आता था। खिड़की कब से बंद है?"

जिज्जी पौषात लावलेल्या कडीकडे बघून म्हणाल्या, "पूस सें. ठंड लग जाती इनें."

"दो जनी मिलके करेंगे। आप अकेली क्यों करती हो?"

कांचनने मला उचलून बाहेरच्या पायरीवर ठेवले आणि खिडकी उघडली. दोघींनी अम्मांना शालीत गुंडाळून उन्हात खुर्चीवर बसवले, गादी अंगणात टाकली, गोधड्या धुतल्या. उन्हात बसल्या बसल्या अम्मांनी डाळ मागितली आणि वाटी पुसून खाल्ली.

"आज नईं डारी खस," त्या म्हणाल्या. जिज्जी आणि कांचन एकमेकींकडे बघून हसल्या आणि हसता हसता रडल्या.

आता मी त्यांच्या न्हाणीघरात असते. काड्या दोनच आहेत. ती जागा मला शोभते.

मित्रांनो, माझ्यासारखी बाटली जरूर बनवा. पण घरात कोणी आजारी असेल, तर मला शेवटी आणा. आधी खिडकी उघडा, चादर बदला, त्यांच्याजवळ बसून जेवले का ते विचारा. जी बाई हे सगळे एकटी करते, तिला विचारा की मी काय करू. आणि हे सगळे करूनही खोलीत थोडा वास उरलाच, तर उरू द्या. तिथे एक म्हातारे माणूस राहते आहे.