अक्कांची घडी

माझी वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. चादरींत इंजेक्शनच्या वापरलेल्या सुया अडकून येतात, बोटात घुसतात, आणि हातमोजे मागितले की मुकादम म्हणतो, "बघू." त्याचं ते बघणं सगळ्या बायकांना पाठ झालंय. शेवटी वहिनीने मोबाइलवर पोस्ट टाकली. माझं डोकं लगेच तापतं, म्हणून मला आधीच दम भरला: कुणाचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, शिवी तर नाहीच नाही.

पोस्ट पसरली आणि एक महाभाग उगवला. "सगळ्या थापा. पुरावा दाखवा." मी त्याची खरडपट्टी काढायला सरसावले, तर वहिनीने फोनच काढून घेतला.

"वन्सं, आपण चिडावं म्हणूनच तो लिहितोय. साधा फोटो टाकते, विषय संपला."

दुसऱ्या दिवशी सापडलेली सुई तिने हाताजवळच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि फोटो काढला. चादरीवरचा शिक्का पुसला, मागचा चेहरा पुसला. मीही डोळ्यांत तेल घालून तपासला.

घडी मात्र तशीच राहिली. तो गठ्ठा अक्कांचा होता. अक्का तिथल्या सगळ्यांत जुन्या. डावा अंगठा वाकत नाही, म्हणून त्या चादरीचं टोक आत दुमडून कोपराने दाबतात. तिथे कुणाची घडी कुणाची, हे हस्ताक्षरासारखं ओळखू येतं. वहिनीला ती रोज बघून बघून दिसेनाशीच झाली होती. मुकादमाने फोटो पाहिला आणि सरळ अक्कांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

वहिनी धावली. "फोटो मी काढलाय!"

"हिचं काय ऐकता? मीच काढला," अक्का म्हणाल्या. त्यांच्या फोनला कॅमेराच नाही, हे मुकादमालाही ठाऊक होतं.

"दोघींनाही जायचंय का?" त्याने विचारलं.

अक्कांनी वहिनीचा दंड घट्ट धरला. "गप बस. एक तरी चूल पेटती राहू दे." माझा भाऊ काम सुटून घरी बसलाय, हे त्यांना माहीत होतं. वहिनी आपल्या गठ्ठ्याकडे परतली.

फोटोखाली अजून जुंपलेलीच आहे. महाभाग म्हणतो, सुई बाहेरून आणून ठेवलीय. लोक त्याला शिव्या घालतात, तो लोकांना. हातमोज्यांचं नावही कुणी काढत नाही. वहिनीने लिहिलं, "कृपया मूळ विषयावर बोलूया." त्यावर कुणीतरी दात काढणारा चेहरा चिकटवला. पोस्ट काढून टाक म्हटलं, तर म्हणाली, फोटो केव्हाच लोकांनी उचलून जिथे तिथे टाकलाय. मला रडू आलं, रागाचंच.

काल ती बोटाला चिंधी बांधून घरी आली. पुन्हा सुई.

"फोटो काढलास?" मी विचारलं.

ती चिंधीची गाठ नीट करत राहिली.

"कुणाची घडी दाखवू, वन्सं?"