व्याह्याचं हसू

आमच्या मालकांनी दारू सोडून सात महिने झाले होते आणि वाटूरच्या लोकांना त्याचंच वाईट वाटत होतं. पिऊन असताना सोमेश्वर कसा हसायचा, कसा हसवायचा, म्हणे. रस्त्यावर पडलेल्या सोमेश्वरला उचलायला मात्र मला एकटीलाच जावं लागायचं.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं होतं. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. गोड खाल्लं, लेकीनं हाक मारली की ते थोडं पाझरतं आणि माणसाला बरं वाटतं. दारूनं वर्षानुवर्षं त्याचा पूर आणला, म्हणून मेंदूनं त्याला दाद देणंच कमी केलं. "आता बरेच महिने त्यांना कशातच गोडी वाटणार नाही. ते रुसलेत असं समजू नका, धीर धरा. आणि एक घोटही नको." मला हे पक्कं कळलं होतं. सांगून ठेवते, कारण न कळून चुकणाऱ्या बायका वेगळ्या.

आमच्या लेकीच्या, शालूच्या साखरपुड्यात मालक भिंतीला टेकून बसले. पेढा भरवला तर चावला, गिळला. टेंभुर्णीचे व्याही रामराव तेवढ्यावरून बिथरले. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"व्याह्याला सोयरीक पसंत न्हाई, असं आमचे लोक म्हणून राह्यलेत. उद्या गळाभेटीला बी असंच तोंड असलं, तर वऱ्हाड परत नेऊ."

मी त्यांना डोपामाइन सांगायला गेले. ते म्हणाले, "विहीणबाई, लेकीच्या लग्नात खुशीला बी डॉक्टर लागतो का?"

शालू मेंदीचे हात तसेच धरून ऐकत होती.

सकाळी मी मालकांना म्हणाले, "गळाभेटीपुरतं तरी हसा."

"हसायचं हाय गं. पर आतून येऊनच न्हाई राह्यलं." आरशासमोर उभं राहून त्यांनी हसून पाहिलं. मला ते बघवेना.

वऱ्हाडाच्या गाड्या आल्या, तेव्हा दिराकडून मागवलेली क्वार्टर मी स्टीलच्या पेल्यात ओतली आणि सामानाच्या खोलीत त्यांच्यापुढं धरली. ते पेल्याकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिले.

"तू देऊन राह्यली?"

"आजच्या दिवस. शालूसाठी."

त्यांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

मग काय, रामरावांना त्यांनी मिठी मारून उचलूनच घेतलं. सगळा मांडव हसला. कुणीतरी मला म्हणालं, सोमेश्वर परत माणसात आला. मीही हसले. आता ते आठवलं की माझी मला किळस येते.

चार दिवसांनी मांडवपरतणीला शालू माहेरी आली, तेव्हा ते ओसरीवर लोळत होते. लग्नापासून बाटली सुटली नव्हती. ती त्यांच्या उशाशी बसून रडली.

"पप्पा, सात महिने काढले, अन् माझ्या लग्नाच्याच दिवशी राहवलं न्हाई तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्याकडं बघत ते तिला म्हणाले, "न्हाई राहवलं, माय."

मी आत वळले आणि तिच्यासाठी चहा टाकला.