पंचफुलाचा अंगठा

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावात इतकी थंडी पडली की कोंबडा पहाटे खुराड्यातून मान बाहेर काढायचा, इकडंतिकडं पाहायचा आणि मान आत घेऊन शेजारच्या कोंबड्याला म्हणायचा, "आज तू आरव." शेजारचा म्हणायचा, "काल मीच आरवलो होतो." त्यांचं भांडण मिटेपर्यंत सूर्य उगवून जायचा. पटत नसेल तर दिघोरी आणि सानगडीच्या मधात कोणालाही विचारा. कोंबडे साक्षीला आहेत.

पण त्या थंडीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, माझी बायको पंचफुला त्या हिवाळ्यात गावात असून नव्हती. हे मी नाही, मशीननं सांगितलं.

झालं असं. नोव्हेंबरात आम्ही दोघं रेशनच्या दुकानात गेलो. दुकान भैय्यालालचं. त्याच्याकडं अंगठा ओळखणारं मशीन आहे. मी अंगठा ठेवला, मशीन खूश झालं, माझं नाव आलं. पंचफुलानं ठेवला, मशीन रुसलं. उजवा ठेवला, डावा ठेवला, लुगड्याला पुसून ठेवला. नाहीच. मशीनचा तरी काय दोष? तिनं तीस वर्षं बिड्या वळल्या, चिखलात रोवणी केली, राखेनं भांडी घासली. अंगठ्यावरच्या रेघा झिजून अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला.

"मावशी, मशीनमधी तुम्ही येऊनच नाही राहिल्या," भैय्यालाल म्हणाला.

"मी मशीनमधी कायले येऊ? तुह्यासमोर उभी आहो ना!"

"तसं नाही चालत. फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेपर्यंत अंगठा लागला नाही, तं कार्डावरून नाव कटते. अन् आता थंडी. थंडीत चांगल्याचांगल्यायचे अंगठे फाटतात. तुमचं काही खरं नाही बाप्पा. काकाजीचे पाच किलो घेऊन जा. तुमचे नाही भेटत."

रांगेत दोघं-तिघं हसले. पंचफुलानं थैलीची घडी केली. एक, दोन, तीन, चार. घडी इतकी लहान झाली की मुठीत दिसेना.

"दोघायचं नाही, तं कोणाचंच नाही," ती म्हणाली. "चला अजी."

"हिवाळाभर खासान काय, मावशी?" भैय्यालालनं मागून विचारलं.

"येजो जेवाले. ताटात दिसन."

मी तिच्या मागं निघालो. माझे पाच किलो दुकानातच राहिले, आणि माझा जीव त्यांच्यात.

आता आमची शेती म्हणाल तर एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. तीही एवढीशी की बैल वळवला तर त्याची शेपटी शेजाऱ्याच्या धानात जाते. तिच्यावर दोन माणसांचा हिवाळा निघत नाही. पण पंचफुलानं घरी येऊन पदर खोचला आणि जाहीर केलं की आपला अंगठा लागेपर्यंत घरात दुकानाचा दाणा येणार नाही, कामाचा मोबदलाही पैशात नाही, खाण्याच्या वस्तूतच घ्यायचा.

लोकांच्या बांध्यांमध्ये कापणी झाली की खाली पडलेल्या लोंब्या वेचायच्या. याला सरवा म्हणतात. पंचफुला सरवा वेचायला उतरली की मागं चिमणीला बसायला काडी राहायची नाही. उंदरांच्या बिळांतूनही तिनं लोंब्या काढल्या. शेवटी उंदीरच सरपंचाकडं गेले म्हणतात, की बाईला आवरा, आमचीही लेकरंबाळं आहेत. सरपंचानं त्यांना अंगठा मागितला, तेव्हा ते परत फिरले.

धानामागून पेरतात त्या लाखोरीच्या डाळीचा कोवळा पाला खुडून वाळवला. तळ्यावरच्या लोकांना जाळी ओढायला हात लावला, त्याच्या मोबदल्यात शिंगाडे आणले, ते सुकवले. मिठाचं विचाराल, तर बाजारात सुके शिंगाडे देऊन मीठ आणलं. धानाचं तणस, म्हणजे पेंढा, जमिनीवर हातभर पसरलं, वर जुन्या लुगड्यांची वाकळ टाकली, अंथरूण झालं. इतकं गरम की कोंबडी चुकून त्यावर बसली तर उकडलेलं अंडं देईल अशी मला भीती वाटायची. आणि छपरावर एक कोहळं होतं. त्याची फोड कापायची, भाजी करायची, वड्या घालायच्या. दुसऱ्या दिवशी पाहावं तर कोहळं पुन्हा सबंध. गोदावरीबाई, आमची शेजारीण, म्हणते की छपरावर तीन कोहळी होती. तिची नजर कमजोर आहे.

तेलाचा प्रश्न मात्र अवघड होता. पावसाळ्याच्या तोंडावर पंचफुला मोहाच्या बिया गोळा करते आणि दरवर्षी व्यापाऱ्याला विकते. त्या वर्षी पोतं घरात ठेवलं होतं. तिनं बिया कुटल्या, वाफवल्या, फडक्यात बांधल्या आणि दोन फळ्यांच्या मधात ठेवून मला म्हणाली, "बसा."

"कुठं?"

"फळीवर. तुमचं वजन कधी तं कामी येऊ द्या."

मी पंधरा दिवस दुपारी फळीवर बसलो. खालून तेल गळायचं, वरून मी. एक दिवस ती वाडगं उचलून पाहते आणि म्हणते, "अजी, तेल कमी निघून राहिलं. तुम्ही हलके झाले." मग गोदावरीबाईला माझ्या बाजूला बसवलं. गावात चर्चा झाली, पण तेल निघालं. हे तेल थंडीत तुपासारखं घट्ट होतं. भाजीला तेच, दिव्याला तेच, आणि रोज जेवण झालं की उरलेलं ती हाताला चोळायची. "भांड्याले लागलेलं कायले वाया घालू?" एवढंच तिचं म्हणणं. बिड्यांचा पाला मात्र तिनं त्या हिवाळ्यात आणला नाही. तिचे हात वेचण्यात आणि वाळवण्यात गुंतले होते.

जानेवारीत माझा धीर सुटला. खरं सांगतो, पोटात अन्न होतं, पण ते पाच किलो मला हाका मारायचे. "बाबुलाल, ओ बाबुलाल!" एक दिवस मी थैली खिशात कोंबली, सांगितलं की बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, चाललो, आणि गेलो दुकानात. अंगठा ठेवला, नाव आलं, तांदूळ घेतला.

पंचफुला अंगणात वड्या उलटत होती. तिनं थैलीकडं पाहिलं.

"कोणाचा हो?"

"माझा," मी म्हणालो. "माझ्या नावाचा."

"असं? मंग तुमच्या नावानं शिजवा."

तिनं अंगणात तीन विटा मांडल्या. ही माझी चूल. आत तिची. मी दोन दिवस अंगणात एकटा भात शिजवला. पहिल्या दिवशी तो कच्चा राहिला, दुसऱ्या दिवशी खालून जळला आणि वरून कच्चा राहिला, ही कला प्रत्येकाला जमत नाही. आतून कोहळ्याच्या वड्यांचा वास यायचा. तिसऱ्या दिवशी मी दारात जाऊन उभा राहिलो.

"काहून आले?" तिनं विचारलं.

"चुकलो वं."

"काय चुकलं?"

"तुह्या नावाशिवाय घेतला."

तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "फेब्रुवारीत माझं नाव कटलं, तं मी या गावात कोण? तुमच्या कार्डाच्या बाजूची खाली जागा? तुम्ही मशीनले हो म्हटलं, तं मशीन खरं झालं ना." मग ताट वाढलं. "तो उरलेला तांदूळ कोंबड्यायले टाका. त्यायले अंगठा कोणी मागत नाही."

फेब्रुवारीची शेवटची तारीख आली. आम्ही सकाळीच दुकानात गेलो. चाळीस माणसांची रांग, आणि रांग हलत नव्हती. भैय्यालाल मशीनसमोर घामाघूम. इतक्या थंडीत.

त्याचं असं आहे की मशीन उघडायला आधी दुकानदारालाच अंगठा ठेवावा लागतो. आणि भैय्यालालनं महिनाभरापासून घराला नवीन खोली काढली होती. गवंड्याची मजुरी वाचवायची म्हणून सिमेंट स्वतःच कालवलं. सिमेंटनं त्याच्या अंगठ्याची सालं काढलेली. त्यानं अंगठा ठेवला, मशीन रुसलं. पँटीला पुसला, तोंडाची वाफ दिली, केसाचं तेल लावलं. मशीनचा एकच हेका.

"येऊन नाही राहिला का रे?" पंचफुलानं विचारलं.

"मावशी, मजाक नका करू. दुपारपर्यंत मशीन उघडलं नाही, तं आज कोणाचंच नाही होत. तुमचंही नाही."

ज्यांचे अंगठे राहिले होते त्या सात-आठ बायाच होत्या, आणि त्यांची नावं त्या दिवशी जाणार होती. पंचफुलानं आपला हात पाहिला, मग त्याचा. मग मला म्हणाली, "घरून तेलाचं वाडगं आणा. विस्तवावर गरम करून आणा. अन् वाटेत चाखू नका."

मी आणलं. ती पायरीवर बसली आणि भैय्यालालला समोर बसवलं. त्यानं हात पुढं केला. तिनं धरला नाही.

"पहिले सांग, मी कोण?"

"काय मावशी, गावाले माहीत आहे..."

"गावाले नाही विचारलं. मशीनलेही नाही. तुले विचारून राहिली."

भैय्यालालनं रांगेकडं पाहिलं. रांगेतलं कोणी हसलं नाही. तो पुटपुटला, "पंचफुलाबाई."

"मागच्यायले ऐकू नाही गेलं."

"पंचफुलाबाई!" तो ओरडला. "बाबुलाल काकाजीच्या घरच्या! माह्या मायनं बाळंतपणात तुमच्याच हातचा शेक घेतला! झालं?"

"झालं," ती म्हणाली आणि त्याचा अंगठा हातात घेतला. अर्धा तास चोळला. गरम तेल भेगांमध्ये मुरलं, सालं बसली, मग तिनं पदरानं कोरडा केला. भैय्यालालनं अंगठा ठेवला. मशीन जरा वेळ विचारात पडलं आणि उघडलं.

मग पंचफुला उठली. मी सांगतो, धान गर्भात, म्हणजे लोंबी फुटायच्या बेतात असताना माणूस आभाळाकडं पाहतो तसे सगळे त्या मशीनकडं पाहत होते. तिनं ठेवला. नाही. पुन्हा ठेवला. नाही. तिनं तिसऱ्यांदा ठेवला, आणि या खेपेला हात काढला नाही. भैय्यालाल म्हणाला, "मावशी, उचला." ती म्हणाली, "त्याले घाई आहे का? मले नाही." मशीननं टिंग केलं, कागद बाहेर आला, कागदावर तिचं नाव.

तिनं कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. एकेक अक्षर. मग आपले पाच किलो मोजून घेतले, काटा दोनदा पाहिला.

"झालं मावशी," भैय्यालाल म्हणाला. "आता जा घरी. मले दुकान बंद करून जेवाले जायचं आहे."

पंचफुलानं थैली माझ्या खांद्यावर दिली आणि परत पायरीवर बसली. वाडगं मांडीशी ओढलं.

"गोदावरीबाई, ये इकडं. हात दे."

गोदावरीबाई रांगेतून पुढं आली. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. भैय्यालालनं दोनदा शटरकडं पाहिलं. पंचफुलानं त्याच्याकडं एकदाच पाहिलं. तो गुपचूप मशीनजवळ जाऊन बसला.