सत्तेचाळीस नंबरची काच

दादाच्या जठरातली गाठ काढली त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत जठराचा एकच नमुना आला. नावं झाकून नंबर द्यायचं काम माझं. त्याला सत्तेचाळीस मीच दिला. झाकणारीलाच ठाऊक, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. तेव्हाच सांगून बाजूला व्हायला हवं होतं. नाही झाले.

आम्ही गाठींमध्ये एक प्रथिन शोधतो. पेशीत कामाच्या चिठ्ठ्या निघतात, त्यांना आरएनए म्हणतात. काम झालं की त्या फाडल्या जातात. हे प्रथिन चिठ्ठीला चिकटून बसतं, फाडू देत नाही. मग 'वाढा' हा एकच हुकूम पेशी पुन्हा पुन्हा वाचते. गाठीचा पातळ काप काचेवर ठेवून रंगवला, की प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. फिका तर एक गुण, गडद तर तीन. आमच्याकडच्या तीनवाल्यांची गाठ बहुतेकदा परत आली होती.

सत्तेचाळीस गडद होती, चहा सांडावा तशी. मी एक लिहिला.

मला दादाशिवाय कुणी नाही. घरात भांडं पडलं तरी 'काय झालं?' म्हणणारं कुणी नाही. संध्याकाळी त्याचा फोन येतो, तेवढाच काय तो आवाज.

"माझा तुकडा काय म्हणतोय गं?" तो रोज विचारायचा.

"गप्प आहे."

"तुझ्यावर गेलाय. पण कमी मार्क चांगले ना तुमच्याकडे? मग मी नक्की पास!"

प्रत्येक काच दोघं वेगवेगळी वाचतात. मोठ्या डॉक्टरांनी तीन दिला होता. एवढा फरक आला की एकत्र बघायचं, हा नियम. दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकाला आम्ही समोरासमोर बसलो.

"हा एक? डोळे तपासून घ्या, बाई."

"डोळे ठीक आहेत. तीनच आहे. तो माझा भाऊ आहे."

त्यांनी डोकं वर केलं नाही. म्हणाले, "तुमच्या सगळ्याच काचा आता दुसरं कुणीतरी वाचेल." त्यांचं बरोबरच होतं, तरी राग आला.

संध्याकाळी फोन वाजला.

"बोलला का तुकडा? किती मार्क?"

लहानपणी त्याचे मार्क मीच आईला खोटे सांगायचे. तो दाराआड उभा असायचा. आताही खोटं ओठांवर आलं होतं.

"तीन," मी म्हटलं.

"कितीपैकी?"

"तीनपैकी."



"पैकीच्या पैकी," तो म्हणाला. "आई असती तर तिला खरं वाटलं नसतं."