जे दार कधी लागत नसे

मी एक जुने दार आहे. घराच्या दर्शनी भागातले नव्हे, आतले. दर्शनी दाराला पाटी असते, घंटी असते, पाहुण्यांचे कौतुक असते. माझ्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. बैठकीची खोली आणि निजायची खोली यांच्यामध्ये मी उभे आहे. आणि मित्रांनो, ज्या कामासाठी मला घडवले, तेच काम मी वर्षानुवर्षे केले नव्हते. मी कधी लागतच नसे.

सुताराने मला एका जुन्या तुळईतून काढले. वरचा तक्ता जाड, खालचाही जाड, मध्ये आडवी पट्टी, आणि आतल्या अंगाला आरपार बोल्टांनी आवळलेली लोखंडी कडी. "तुमच्या नातवंडांना पुरेल हे दार," असे तो म्हणाला, तेव्हा मी फुगले. आधी अभिमानाने आणि पुढे दमट हवेने. खालचा तक्ता कुजला. त्या जागी पातळ फळी ठोकली गेली आणि माझे खालचे अंग पोकळ वाजू लागले. फुगल्यामुळे मी चौकटीत बसेना. मग पायाशी लाकडाचा गुटका सारून मला कायमचे भिंतीशी उघडे टेकवण्यात आले.

हे घर बसवाल्यांचे. आजोबांनी जन्मभर बस चालवली. त्यांचा मुलगा बसमध्ये कंडक्टर. सून घरी कपडे शिवते. त्यांच्या मुलीला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती घरात कुठेही सापडते. माझ्या पाठीवर खुंट्या होत्या. त्यांवर कंडक्टरचा गणवेश, शाळेचे दप्तर, आजोबांची टोपी. काही हरवले की हाक येई, "दारामागे बघ!" एखाद्या पाहुण्याने विचारलेच, तर आजोबा म्हणत, "लागत नाही तर नाही लागत. आपल्या घरात कुणाला काय लपवायचंय?"

हीच माझी कीर्ती. मला ती पुरेशी होती.

मग साथ आली. रस्ते ओस पडले आणि चार माणसे दोन खोल्यांत कोंडली गेली. परिचारिकांना आणि सफाई कामगारांना नेणाऱ्या थोड्या बस मात्र चालू होत्या. त्यांवर कंडक्टरला जावे लागे. एका संध्याकाळी तो ताप घेऊनच परतला. डॉक्टरांनी फोनवर बजावले, वेगळ्या खोलीत राहा, श्वासाकडे लक्ष ठेवा, धाप लागली की लगेच कळवा. त्याने माझ्या पायाचा गुटका काढला, आत जाऊन दोन्ही हातांनी मला ओढले आणि कडी लावली. मुंगी धावत येऊन गळ्यात पडेल, ही त्याला धास्ती होती.

दार ही बंद करण्याची वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाही. बंद असते ती भिंत. दार हा भिंतीने स्वतःला केलेला अपवाद आहे. त्या संध्याकाळी मी मात्र भिंतीत जमा झाले. माझी पाठ आता बैठकीकडे झाली होती आणि तिच्यावरचा रिकामा गणवेश दिवसभर घरातल्यांच्या समोर लोंबत राहिला.

बोलले की त्याला खोकल्याची उबळ येई. म्हणून आजोबांनी युक्ती काढली. बसमध्ये कंडक्टरने दोरी ओढून एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. तोच नियम माझ्यावर लागू झाला. एक ठोका म्हणजे मदत हवी, दोन म्हणजे सगळे ठीक. मुंगीची आई ताट ठेवून हाक मारी, आतून दोन ठोके येत आणि आजोबा खुर्चीतून म्हणत, "डबल! जाऊ द्या गाडी."

"अण्णा, त्यांचा आवाज तरी ऐकू या की एकदा," आई म्हणे.

"सूनबाई, सगळी नोकरी मी मागं वळून बघितलं नाही. डबल म्हणजे डबल. कंडक्टरवर भरवसा नसेल, तर स्टिअरिंग हातात घ्यावंच कशाला?"

मला मात्र वेगळेच कळत होते. तो माझ्याशी पाठ टेकून बसे. त्याची धाप माझ्या फळ्यांतून जाई. शेजारच्या इमारतीतून रुग्णालयात नेलेला एक गृहस्थ परतला नव्हता, हे त्याच्या कानावर आले होते. म्हणून हाक आली की तो उठून दोनच ठोके देई, आणि दर खेपेला त्याची बोटे हलकी पडत. आतले सारे मला ठाऊक, बाहेरचे सारे समोर, आणि सांगायला तोंड नाही. कोंडले जाणे म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकले.

एका दुपारी आईने पाणी आणून हाक मारली. दोन ठोके आले.

"डबल," आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, बाबा खाली का वाजवतायत?" मुंगीने विचारले.

"खाली म्हणजे गं?"

"काल इथं वाजवलं होतं." तिने टाचा उंच करून माझ्या जाड तक्त्यावर हात ठेवला. "आज माझ्या गुडघ्यापाशी. पोकळ वाजलं."

आई झटकन खाली बसली. "अहो! जमिनीवर पडलायत का तुम्ही?"

दोन ठोके. दोहोंमध्ये लांब अंतर.

"कडी काढा आधी!"

पुन्हा दोन.

आजोबा उठले.  माझ्याजवळ येऊन त्यांनी तळहाताने एकच ठोका दिला. इतका जोरात की गणवेश खुंटीवरून खाली आला.

"सिंगल दिलीय मी! ऐकलंस ना? थांबव गाडी. आता तुझं काही चालायचं नाही."

 मग आतून एक हात माझ्या अंगावरून वर चढू लागला. पोकळ फळी, आडवी पट्टी, जाड तक्ता, कडी. त्या वेळी मी अंग चोरून घेतले, असे सांगायला मला आवडले असते. पण लाकडाला ते साधत नाही. कडी सुटली. मी अडलेच. आईने मुंगीच्या तोंडाला ओढणी बांधून तिला मागे सारले, आणि सासरा-सुनेने मिळून मला हिसडून उघडले. मला टेकलेला तो माझ्याबरोबरच बैठकीत कलंडला. ओठ निळसर पडले होते.

"नको... रुग्णालय नको," तो पुटपुटला.

"गप्प बसा," आई म्हणाली. "फोन लागलाय."

मित्रांनो, तो परत आला. हडकलेला, भिंत धरून चालणारा, पण आला. तो येण्याआधी आईने पाना घेऊन माझी कडी उपसून काढली. तिच्या बोल्टांची चार भोके माझ्या अंगात आरपार राहिली आहेत.

आता घराला रंग द्यायचे चालले आहे. माझे मागणे थोडकेच आहे. बिजागऱ्यांना तेल द्या, कडांना रंधा मारून घ्या, म्हणजे मी सुखाने लागेन आणि सुखाने उघडेन. बंद दारामागून कुणी "ठीक आहे" म्हणाले, तर ते उत्तर घेऊन लगेच पाठ फिरवू नका. खाली वाका, कान लावा, पुन्हा विचारा. आणि रंगाऱ्याला तेवढे सांगून ठेवा, की त्या चार भोकांत पुट्टी भरायची नाही. पलीकडे दिवा लागला की त्यांतून इकडे थोडा उजेड येतो.